दुष्काळ जाहीर होण्याआधीचे नियोजन: टंचाई आराखड्यात गावाने नेमके काय आणि कधी मांडावे?

कोरडवाहू_बीड

नमस्कार. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमचे सुमारे अठराशे वस्तीचे गाव असून मी तेथे ग्रामपंचायत सदस्य आहे. महसूल, भूजल आणि पाणीपुरवठा या खात्यांत काम केलेली काही मंडळी येथे नियमित लिहितात, म्हणून २०२३ च्या अनुभवावरून मनात राहिलेला प्रश्न मांडत आहे.

त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे सोयाबीन फुलोऱ्यात असताना चोवीस दिवस थेंब पडला नाही. फूल गळाले आणि ज्या काही शेंगा धरल्या त्यांतला दाणा ज्वारीएवढाच राहिला. आमच्या महसूल मंडळाचे (तालुक्यातील काही गावांच्या गटाचे) पर्जन्यमापक यंत्र गावापासून अकरा किलोमीटरवर आहे. सप्टेंबरमधील एका संध्याकाळी त्या यंत्रावर चांगली जोराची सर कोसळली आणि मंडळाची आकडेवारी एका रात्रीत सुधारली, पण आमच्या शिवारात रस्त्यावरची धूळसुद्धा बसली नव्हती.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी २४ तालुक्यांत तो गंभीर आणि १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा होता. त्यांत आमचा तालुका नव्हता. पुढे नोव्हेंबरमध्ये १,०२१ महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून जाहीर झाली आणि त्यांत आमचे मंडळ आले. त्यामुळे जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्कमाफी, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, कर्जाचे पुनर्गठन इत्यादी आठ सवलती लागू झाल्या. पीकनुकसानीचे अनुदान मात्र शेजारच्या जाहीर तालुक्याला मिळाले आणि आम्हाला नाही. टँकरची मागणी आम्ही जानेवारीत केली, तो प्रत्यक्षात आला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मधले दिवस लोकांनी दोन किलोमीटरवरच्या एका खासगी विहिरीवरून पाणी आणले.

सरकारचे दुष्काळाचे नियोजन प्रत्यक्षात कोणत्या महिन्यात ठरते आणि त्या वेळी गावाचे म्हणणे कोणत्या कागदावर नोंदवावे लागते, एवढेच मला विचारायचे आहे. आम्ही निवेदने पुष्कळ दिली. ती चुकीच्या दाराशी दिली की चुकीच्या वेळी, हे आजवर कळलेले नाही.

निवृत्त_नायबतहसीलदार

कोरडवाहूसाहेब, प्रश्न नेमका विचारलात. माझी बावीस वर्षे टंचाईच्या कागदांत गेली असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

सर्वसामान्य माणसाला 'दुष्काळ' ही एकच गोष्ट वाटते, पण शासनाच्या लेखी त्या तीन स्वतंत्र वाटा आहेत आणि प्रत्येकीचे मोजण्याचे एकक निराळे आहे. पहिली वाट केंद्राच्या २०१६ च्या सुधारित दुष्काळ व्यवस्थापन संहितेची, जी महाराष्ट्राने शासन निर्णयांद्वारे स्वीकारली. स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिलेल्या निकालात जुनी संहिता वर्षअखेरपर्यंत सुधारण्याचे आदेश होते, त्यातून ती आली. तिच्यात प्रथम पावसाची तूट किंवा तीन ते चार आठवड्यांचा खंड पाहतात, ही पहिली कळ (ट्रिगर). ती लागली तरच पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतील ओल आणि जलसाठे व भूजल हे परिणामदर्शक निर्देशांक तपासतात, ही दुसरी कळ. दोन्ही लागल्या की तालुक्यातील दहा टक्के गावे यादृच्छिक पद्धतीने निवडून शेतावर जाऊन पडताळणी होते. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेरपर्यंत घ्यायचा असतो. येथे एकक तालुका आहे. आपल्या गावात काही झाले तरी तालुक्याच्या सरासरीत ते बुडून जाते, कारण ज्या तालुक्याची पहिली कळच लागत नाही तेथे पुढची पडताळणीही होत नाही. २०१८ मध्ये याच पद्धतीने १५१ तालुके जाहीर झाले होते, ११२ गंभीर आणि ३९ मध्यम, आणि तेव्हाही मागाहून मंडळांची आणि गावांची पुरवणी यादी काढावी लागली होती. आपल्यासारखी मंडळे पुरवणीत येतात ती या कारणाने.

दुसरी वाट पैसेवारीची. ही इंग्रजी अमदानीतून आलेली, जुन्या पिढीच्या तोंडी 'आणेवारी'. तिचे एकक गाव आहे. प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत यंदाचे उत्पन्न किती, हे रुपयातले पैसे समजून मांडतात आणि पन्नास पैशांच्या आत आले की गाव टंचाईचे ठरते. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरअखेरपर्यंत अंतिम, असे तिचे तीन टप्पे. ग्राम पीक पैसेवारी समितीत सरपंच आणि शेतकरी प्रतिनिधी सदस्य असतात, परंतु किती सरपंच पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर हजर असतात, हे आपणच सांगावे. माझ्या अनुभवात कर्मचारी कोतवालाला घेऊन रस्त्यालगतचे, गाडी जाईल असे शेत गाठतो, ठरल्या मापाचा तुकडा आखतो, मळणी करून दाणे तोलतो आणि समितीच्या सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतल्या जातात. हरकत घेण्याची मुदत असते; ती घेतली गेल्याची उदाहरणे मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकतो.

तिसरी वाट टंचाई कृती आराखड्याची, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे. पिण्याच्या पाण्यासाठी दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा आराखडा करतो आणि जिल्हाधिकारी त्यास मान्यता देतात. विंधन विहिरी, त्यांची विशेष दुरुस्ती, नळ योजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक योजना, विहिरी खोल करणे व गाळ काढणे, बुडक्या (नदी-नाल्याच्या पात्रात पाण्यासाठी खणलेले खड्डे), खासगी विहिरींचे अधिग्रहण आणि सर्वांत शेवटी टँकर किंवा बैलगाडी, असा उपायांचा क्रम आहे. गाव आराखड्यात नसेल तर टँकर मिळत नाही असे नाही, पण मग प्रस्ताव, तहसीलदार व गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी, जवळपास अधिग्रहणयोग्य विहीर नसल्याचा दाखला, हे सारे ऐनवेळी सुरू होते आणि त्यात आपले पाच-सहा आठवडे जातात. आपण जानेवारीत मागणी केलीत, म्हणजे पहिला टप्पा संपल्यावर. आराखड्यासाठी गावाची माहिती ग्रामसेवकाकडून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मागवली जाते आणि बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्याच तक्त्यावर साल बदलून ती पाठवली जाते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि क्वचित डोळेझाकही केली आहे.

एक अवांतर. २०१५-१६ मध्ये शासनाच्या कागदांवर 'टंचाईसदृश परिस्थिती' असे शब्द होते. उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर मे २०१६ मध्ये त्याऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असा आदेश निघाला. तोवर उन्हाळा संपत आला होता.

भूजल_अभ्यासक

वरील प्रतिसादात भूजलाचा भाग थोडक्यात आला आहे, म्हणून पुरवणी जोडतो. मी भूजल सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम केले आहे.

आराखड्यात कोणते गाव कोणत्या टप्प्यात घ्यायचे, याला शास्त्रीय आधार आहे. राज्यातील दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी असून त्यांची स्थिर पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. पावसाळ्यानंतरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. ज्या भागात पाऊस वीस टक्क्यांहून अधिक कमी झाला आहे, तेथे पातळी तीन मीटरहून जास्त खाली असेल तर ऑक्टोबरपासून, दोन ते तीन मीटर असेल तर जानेवारीपासून आणि एक ते दोन मीटर असेल तर एप्रिलपासून टंचाई संभवते, असा अंदाज देतात. हाच अंदाज आराखड्याचा पाया असतो, किमान असायला हवा.

राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत, म्हणजे एका निरीक्षण विहिरीच्या वाट्याला दहा-अकरा गावे येतात. आपला पाया बहुतांशी काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात साठते. नदीकाठच्या गाळासारखे ते सर्वत्र सारखे पसरलेले नसते. एका शेतातील विहीर तुडुंब आणि बांधापलीकडची कोरडी, हे बालाघाटात रोजचे चित्र आहे. निरीक्षण विहीर ओढ्याकाठी असेल आणि आपले गाव माथ्यावर, तर अंदाजात आपण एप्रिलमध्ये दिसाल आणि प्रत्यक्षात जानेवारीत कोरडे पडाल. त्यामुळे गावाने स्वतःच्या दोन-तीन विहिरींची मोजणी ठेवावी, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. यासाठी यंत्र लागत नाही. सुताची न ताणणारी दोरी, टोकाला वजन, अर्ध्या मीटरवर गाठ. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि दर वेळी तेथूनच मोजावे, कारण एकाने कठड्यावरून आणि दुसऱ्याने जमिनीवरून मोजले की पाऊण मीटरचा फरक पडतो आणि सगळी वही निरुपयोगी होते. सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी मोजावे. ३० सप्टेंबरच्या आसपासचे मोजमाप चुकवू नये. अशी तीन वर्षांची वही ग्रामसभेच्या ठरावासह आराखड्याच्या वेळी जोडली, तर कनिष्ठ भूवैज्ञानिकाला ती बाजूला सारता येत नाही. उलट तो तिचे स्वागतच करतो, कारण त्याच्याकडे तेवढी माहिती नसते.

आणखी एक हत्यार गावे वापरत नाहीत. १९९३ च्या कायद्यापासून सार्वजनिक पेयजल उद्भवापासून (पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत नव्या विहिरींवर निर्बंध आहे. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला, त्यातही पेयजल उद्भवांना संरक्षण आहे. तरीही आपल्या गावच्या नळ योजनेच्या विहिरीभोवती गेल्या पाच वर्षांत किती बोअर झाल्या, त्या मोजून पाहा.

मांजराकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तथापि मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. सगळा भार गावाने वही ठेवण्यावर आणि ग्रामसेवकाने तक्ता भरण्यावर टाकला तर राज्याच्या नियोजनाची मोठी बाजू झाकली जाते.

मी लातूरचा. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून आमच्यासाठी पाण्याची रेल्वे निघाली, ती सुमारे ३४० किलोमीटर कापून दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर येऊ लागले. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. रेल्वे धावली याचे कौतुक झाले आणि ज्या कर्मचाऱ्यांनी ती धाववली त्यांचे व्हायलाच हवे. परंतु धनेगावचे मांजरा धरण एका रात्रीत आटले नव्हते. दर वर्षी १५ ऑक्टोबरला धरणांत किती पाणी आहे हे कळते आणि त्यावरून पिण्यासाठी आरक्षण व कालव्याची आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या) ठरतात. ऑक्टोबर २०१५ मध्येही तो आकडा कागदावर होता. एप्रिलमध्ये रेल्वे लागणार, हे त्या आकड्यावरून सहा महिने आधी वाचता आले असते, आणि तरीही मधल्या हंगामात त्याच खोऱ्यात उसाचे गाळप झाले.

मोठ्या धरणांच्या बाबतीत याहून बरी व्यवस्था शक्य आहे, याचे उदाहरण गोदावरी खोऱ्यात आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. पावसाळ्याअखेर जायकवाडीत ठरावीक साठा नसेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे मेंढेगिरी समितीच्या सूत्राने ठरत आले आहे. २०२३ मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी सुमारे ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वाद झाले, न्यायालयात गेले, आंदोलने झाली, ते सगळे मान्य; पण निर्णय तारखेला आणि आकड्याला बांधलेला होता. अशी बांधणी मांजरा, तेरणा किंवा सीना खोऱ्यातील पिण्याच्या पाण्यासाठी का नसावी? अठराशे वस्तीच्या गावाने दोरीने विहीर मोजावी हे ठीकच आहे. पण ज्याच्या हाती धरणाच्या चाव्या आहेत त्याने काय मोजले, हे विचारणारा कागदही असला पाहिजे.

जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण अभियानावर येथे कोणी लिहिले नाही म्हणून एवढेच सांगतो, की त्या अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च होऊनही टँकर का वाढले, हा प्रश्न नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात आहे. खोलीकरण झालेल्या नाल्यांच्या काठी नव्या बोअर आणि नवा ऊस आला, हे सांगायला मला अहवाल लागत नाही. आमच्याच भावकीत झाले आहे.

पाटोद्याची_लेक

मी पाणीपुरवठ्यातली जाणकार नाही, माहेर पाटोदा भागातले आणि सासर तिकडेच, एवढीच पात्रता. कोरडवाहूदादा, तुमच्या गावची अठराशे माणसे आराखड्यात कोणत्या महिन्याची धरली आहेत, ते आधी तपासा.

आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते. टँकरचे मोजमाप माणशी दिवसाला वीस लिटरचे असते. अठराशे माणसांना छत्तीस हजार लिटर, म्हणजे बारा हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. परंतु पाहणी फेब्रुवारीत झाली आणि पाहणाऱ्याला गावात नऊशेच माणसे दिसली, तर दीड खेप मंजूर होते. पाडव्याच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परत येतात, माणसांबरोबर बैलही येतात, आणि खेपा वाढवून मिळेपर्यंत वैशाख उजाडतो. आमच्या वस्तीवर टँकर आडात रिकामा करत. पाईप सोडला की बायका आडाच्या चारी बाजूंनी पोहरे टाकत, अर्ध्या तासात तळाचा गाळ वर येई, आणि ज्यांची घरे लांब त्यांच्या वाट्याला तो गढूळ हंडा. तो तुरटी फिरवून ठेवायचा आणि सकाळी वरचे पाणी अलगद ओतून घ्यायचे.

चाऱ्याचेही तसेच. छावणी उघडते तेव्हा दावणीची निम्मी जनावरे बाजारात कवडीमोल गेलेली असतात. रब्बी ज्वारी गेली की कडबा नाही, हे डिसेंबरातच कळते. धरण-तलावांच्या उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर चारा पेरण्याची योजना मागे शासनाने नाममात्र भाड्याने राबवली होती, ती मला छावणीपेक्षा शहाणपणाची वाटते. मात्र बियाणे जानेवारीच्या आत हाती पडले पाहिजे, कारण गाळाची ओल थांबत नाही.

निवृत्त_नायबतहसीलदार

ताई, आपला मुद्दा माझ्या बावीस वर्षांच्या टिपणांत नाही आणि तो असायला हवा होता. प्रस्तावात 'स्थलांतरित कुटुंबे परतल्यावरची लोकसंख्या' असा रकाना स्वतंत्र लिहून खेपा एप्रिलपासून वाढवून मागता येतात. त्यास नियमात अडथळा नाही. परतणाऱ्या जनावरांची संख्याही तेथेच द्यावी.

मांजराकाठ यांच्या आक्षेपाशी मी बव्हंशी सहमत आहे. फरक एवढाच, की धरणाच्या आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो आणि त्या बैठकीत पिण्याच्या पाण्यासाठी बोलणारा माणूस बहुधा एकटा असतो, उसासाठी बोलणारे खोलीभर. १९७२ च्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि त्या दडपणातून रोजगार हमीचा कायदा झाला. पाण्याच्या बाबतीत तसे दडपण टँकरमुळेच विरून जाते, असे माझे वैयक्तिक मत आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

कोरडवाहूसाहेबांसाठी आणखी एक बाब. ऑगस्टमध्ये एकवीस दिवसांहून अधिक खंड पडला आणि अपेक्षित उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या (विम्यासाठी मागील वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या उत्पन्नाच्या) निम्म्याखाली आले, तर पीकविम्याच्या नियमांत २५ टक्के आगाऊ रकमेची तरतूद होती आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना लागत असे. २०२३ मध्ये अनेक जिल्ह्यांत ती निघाली होती. पुढे विमा योजनेचे स्वरूप बदलले आहे, तेव्हा चालू हंगामाचे नियम कृषी कार्यालयातून तपासून घ्यावेत.

कोरडवाहू_बीड

सर्वांचे आभार. काल ग्रामसेवकांकडून गेल्या वर्षीचा आराखड्याचा तक्ता मागवून पाहिला. आमच्या गावापुढे टप्पा एप्रिल ते जून, उपाय विहीर अधिग्रहण, आणि ज्या विहिरीचे नाव होते ती तीन वर्षांपूर्वी ढासळून बुजली आहे. तेथे आता बाभूळ उगवली आहे. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, परतणाऱ्यांचा उल्लेख नाही.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आराखडा, पैसेवारी समितीची बैठक आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवतीच्या बोअरची यादी, असे तीन विषय घेतले आहेत. यादीचा विषय काढताच दोन सदस्य उठून गेले. त्यांच्याच बोअर आहेत.

भूजल_अभ्यासक यांना एक विचारायचे आहे. आज सकाळी सात वाजता नळ योजनेच्या विहिरीत दोरी टाकली. काठावरच्या खुणेपासून पाणी ९ मीटर ६० सेंटिमीटरवर लागले. परंतु रात्री वीज होती आणि पंप पहाटे चारपर्यंत चालला होता. हे मोजमाप धरावे, की एक दिवस पंप बंद ठेवून पुन्हा घ्यावे?

भूजल_अभ्यासक

पुन्हा घ्यावे. पूर्ण दिवस शक्य नसेल तर किमान बारा तास पंप बंद ठेवावा आणि गावाला आदल्या दिवशी दवंडी द्यावी, नाहीतर पाण्याविना लोक चिडतील आणि पुढच्या वेळी कोणी पंप बंद करू देणार नाही. आजचे मोजमाप खोडू नये. वहीत त्यापुढे 'पंप पहाटे चारपर्यंत चालू' असे लिहून ठेवावे. दोन मोजमापांतील फरक किती तासांत भरून निघतो, त्यावरून ती विहीर जानेवारीत कशी वागेल याचा अंदाज मी आपल्याला देऊ शकेन.